बास गिटार उशिरा का बोलली?



डिसेंबर उजाडला की नागपुरात दोन गोष्टींचा हंगाम बरोबरच येतो : एक संत्र्यांचा आणि दुसरा शाळांच्या स्नेहसंमेलनांचा. आमच्या शाळेतही अशाच तालमी चालू होत्या. दहावीच्या मुलामुलींनी एक छोटा वाद्यवृंद उभा केला होता. त्यात ड्रम होते, कीबोर्ड होता, हार्मोनियम होती आणि एका मुलीच्या हाती बास गिटार होती. तिने एक मल्टिइफेक्ट पेडल मागून आणले होते. पायाशी ठेवलेल्या या चपट्या पेटीची कळ दाबली, की साधी बास गिटार एकदम सिंथेसायझरसारखी घुमू लागे. मुले खूश झाली.

पण तालीम रंगात आली आणि घोटाळा सुरू झाला. खर्जातले स्वर ठेक्याच्या किंचित मागे पडू लागले. मधूनच एखादा स्वर आपोआप वरच्या सप्तकात उडी मारी. दोन तारा एकदम छेडल्या गेल्या, तर पेटीतून बेडकासारखे चमत्कारिक आवाज निघत. लगेच तीन निदाने झाली. कीबोर्डवाला म्हणाला, "सर, पेडल बिघडलंय." ध्वनिक्षेपकाची व्यवस्था पाहणारे काका म्हणाले, "वायर बदलून पाहा." ड्रमवाला मात्र सरळ म्हणाला, "तीच तालात कच्ची आहे." संमेलन चार दिवसांवर आले होते. ते गाणे कार्यक्रमातून काढून टाकावे, असेही कुणी सुचवले. मुलीचा चेहरा उतरला.

मित्रांनो, ही तिन्ही निदाने चुकीची होती. पेडल ठीक होते, वायर ठीक होती आणि मुलीचा तालही पक्का होता. मग स्वर उशिरा का येत होता? याचे उत्तर तुमच्या ध्वनीच्या धड्यातच आहे. चला, पायरीपायरीने शोधू या.

तारेचा स्वर एकटा नसतो

बास गिटारला बहुधा चार तारा असतात. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, म्हणजे तिची वारंवारता ४१ हर्ट्झ असते. पुढच्या तीन तारांची वारंवारता अनुक्रमे ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झ असते. या तारांना इंग्रजी स्वरनामांप्रमाणे ई, ए, डी आणि जी अशी नावे आहेत. माणसाचा कान साधारण २० हर्ट्झपासून पुढचे आवाज ऐकतो. म्हणजे जाड तार आपल्या श्रवणशक्तीच्या तळाशीच बोलते.

पण ही तार केवळ ४१ हर्ट्झचाच स्वर देते काय? नाही. तार जशी संपूर्ण लांबीने कंप पावते, तशीच ती त्याच वेळी दोन भागांत, तीन भागांत, चार भागांतही कंप पावत असते. म्हणून मूलस्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे स्वरही निघतात : ४१, ८२, १२३, १६४ याप्रमाणे. यांना आपण संनादी स्वर म्हणू. तंबोऱ्याच्या नादात जाणकारांना जो 'स्वयंभू गंधार' ऐकू येतो, तो असाच खर्जाच्या तारेचा पाचवा संनादी स्वर होय. तो कुणी वाजवत नाही. तो तारेतच असतो.

बासरी, सनई आणि हार्मोनियम एकच स्वर वाजवत असल्या तरी आपण त्या ओळखतो, कारण प्रत्येकीत हे संनादी स्वर वेगवेगळ्या प्रमाणात मिसळलेले असतात. बासरीत ते थोडे असतात, सनईत पुष्कळ. थोडक्यात, पट्टी मूलस्वरावरून ठरते आणि आवाजाचा रंग संनादी स्वरांच्या मिश्रणावरून ठरतो. हे वाक्य पक्के लक्षात ठेवा, कारण पुढचे सारे त्यावरच उभे आहे.

नागपुरात राहून गेलेला एक ध्वनिसंशोधक

सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे नाव तुम्ही प्रकाशाच्या संदर्भात ऐकले असेल. १९३० चे नोबेल पारितोषिक त्यांना प्रकाशाच्या विकिरणावरील संशोधनासाठी मिळाले. पण त्याआधी कित्येक वर्षे ते तारा आणि वाद्ये यांच्यामागे लागले होते. १९०७ साली ते सरकारी अर्थखात्यात नोकरीला लागले आणि १९१० च्या सुमारास त्यांची बदली काही काळ आपल्या नागपूरला झाली होती. दिवसा हिशेबाची खातेवही आणि उरलेल्या वेळात विज्ञान, असा त्यांचा क्रम होता. नागपुरातील रमण विज्ञान केंद्राला त्यांचेच नाव दिलेले आहे.

१९२१ साली रामन यांनी तंबोरा आणि वीणा यांविषयी एक लक्षणीय गोष्ट दाखवून दिली. सर्वसाधारण नियम असा, की तार ज्या ठिकाणी छेडावी, तेथे ज्या संनादी स्वराचा स्थिर बिंदू असेल, तो स्वर निघत नाही. उदाहरणार्थ, तार बरोबर मध्यावर छेडली, तर दुसरा, चौथा, सहावा असे सम संनादी स्वर गळून पडतात. पण तंबोऱ्याची रुंद, किंचित बाकदार घोडी आणि तिच्यावर तारेखाली सरकवलेला दोरा यांमुळे हा नियम तेथे चालत नाही. गळायला हवे ते स्वरही तंबोऱ्यात ठणठणीत ऐकू येतात. जवारी लावणे म्हणतात ते हेच. मिरजेचे तंतुवाद्य कारागीर ही किमया पिढ्यान्‌पिढ्या हाताने साधत आले आहेत.

म्हणजे तारेच्या आवाजाचा रंग बदलण्याची हौस नवी नाही. मिरजेचा कारागीर घोडी घासून रंग बदलतो, पेडल विजेच्या साहाय्याने बदलते.

यंत्र स्वर कसा घडवते?

सिंथेसायझरमध्ये तार नसते. त्यात आंदोलक नावाचे विद्युतमंडल असते. ते विजेचा दाब ठरावीक वेगाने वरखाली करते. हा चढउतार आलेखावर काढला, तर कधी करवतीच्या दात्यांसारखा, तर कधी चौकोनी कंगोऱ्यांसारखा दिसतो. करवती तरंगात सर्व संनादी स्वर असतात. दुसऱ्याची तीव्रता मूलस्वराच्या निम्मी, तिसऱ्याची एक तृतीयांश, अशी उतरती रांग लागते. चौकोनी तरंगात फक्त विषम संनादी असतात : पहिला, तिसरा, पाचवा. म्हणून करवती तरंग भरदार व किरकिरा वाटतो, तर चौकोनी तरंग पोकळ वाटतो.

असा स्वरांनी गच्च भरलेला तरंग मग एका गाळणीतून, म्हणजे फिल्टरमधून, जाऊ देतात. गाळणी ठरावीक मर्यादेच्या वरचे संनादी स्वर अडवते. ही मर्यादा खालीवर सरकवता येते. गाळणी मिटली की आवाज दबका होतो, उघडली की झगझगीत होतो.

हे तुम्ही स्वतःच्या तोंडाने करू शकता. एकाच पट्टीत आवाज लावा आणि न थांबता 'ऊ… ओ… आ…' असे म्हणा. पट्टी बदलली का? नाही. बदलला तो तोंडाचा आकार. तोंड ही निसर्गाने दिलेली गाळणीच आहे. बास गिटारवर सिंथ इफेक्ट लावल्यावर जो 'व्वाऽ व्वाऽ' असा बोलका आवाज येतो, त्याचे मर्म एवढेच : प्रत्येक आघाताला गाळणी 'ऊ' कडून 'आ' कडे उघडते आणि पुन्हा मिटते. अमेरिकन अभियंता रॉबर्ट मूग याने १९६४ पासून विजेच्या दाबाने चालणारे असे आंदोलक व गाळण्या बनवल्या आणि सिंथेसायझर लोकप्रिय झाला.

पेडलच्या पोटात काय चालते?

आता आपल्या पेडलकडे येऊ. गिटारच्या तारेचे रूपांतर सिंथेसायझरच्या आवाजात करण्याच्या दोन रीती आहेत.

पहिल्या रीतीत तारेचाच विद्युतसंकेत घेतात. तो इतका वाढवतात, की त्याची टोके छाटली जाऊन तरंग जवळजवळ चौकोनी बनतो. मग तो गाळणीतून जातो. आघात जोराचा, तर गाळणी जास्त उघडते. आघात हलका, तर कमी. येथे स्वर कोणता आहे, हे यंत्राला ठाऊक नसते आणि ते ठाऊक असण्याची गरजही नसते. त्यामुळे जाणवण्याजोगा उशीर होत नाही.

दुसरी रीत अधिक धाडसी आहे. तेथे यंत्र आधी तारेचा स्वर ओळखते आणि मग त्याच वारंवारतेचा करवती किंवा चौकोनी तरंग आपल्या आंदोलकातून नव्याने निर्माण करते. तुम्हाला ऐकू येते ती तार नसते. तार फक्त हुकूम देते, गातो तो आंदोलक. म्हणूनच हा आवाज हुबेहूब सिंथेसायझरचा वाटतो. आमच्या विद्यार्थिनीने हाच प्रकार निवडला होता, आणि तिची अडचणही तेथेच दडली होती.

बसथांब्याचे कोडे

समजा, तुम्ही सीताबर्डीच्या बसथांब्यावर उभे आहात आणि एका मार्गाची बस दर किती मिनिटांनी येते, हे तुम्हाला शोधायचे आहे. काय कराल? एक बस येईपर्यंत थांबाल, मग दुसरी येईपर्यंत थांबाल आणि मधला वेळ मोजाल. खात्री करायची, तर तिसरी बसही पाहाल. बस दर पाच मिनिटांनी येत असेल, तर काम दहा मिनिटांत होईल. पण ती तासातासाने येत असेल, तर दोन तास लागतील. तुमचे घड्याळ कितीही भारी असो, हा वेळ वाचणार नाही!

पेडलची स्थिती अशीच असते. बरीच पेडले तारेचा संकेत सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतात, म्हणजे त्यांचे घड्याळ फारच भारी असते. पण जाड तारेला एक कंपन पूर्ण करायला १ भागिले ४१ सेकंद, म्हणजे सुमारे २४ मिलिसेकंद लागतात. खात्रीसाठी दोन कंपने पाहायची, तर ४८ मिलिसेकंद गेले. आता ठेका मिनिटाला १२० मात्रांचा असेल, तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची आणि मात्रेचा चतुर्थांश १२५ मिलिसेकंदांचा. त्यातले ४८ मिलिसेकंद नुसते स्वर ओळखण्यात जातात! हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५० मीटर धरला, तर ४८ मिलिसेकंदांत तो जवळजवळ १७ मीटर जातो. म्हणजे आपली वादक ड्रमच्या शेजारी उभी असूनही, तिचे वाद्य मात्र १७ मीटर दूर ठेवल्यासारखे ऐकू येत होते.

हा दोष कुणा कारखानदाराचा नाही. स्वर जितका खालचा, तितका तो ओळखायला वेळ अधिक लागणार, ही निसर्गाचीच अट आहे.

स्वर उडी का मारतो?

उशिराचे कारण कळले. आता सप्तकाच्या उडीचे पाहू. जाड तारेत कित्येकदा दुसरा संनादी स्वर, म्हणजे ८२ हर्ट्झचा, मूलस्वरापेक्षाही बलवान असतो. यंत्र त्यालाच मूलस्वर समजते आणि एक सप्तक वरचा स्वर वाजवते. बसथांब्यावर दोन बसांच्या बरोबर मध्ये तशाच रंगाची दुसऱ्या मार्गाची बस आली आणि तुम्ही पाटी न वाचताच तीही मोजली, तर तुमचे उत्तर निम्मे येईल, तसेच हे. दोन तारा एकदम वाजल्या, तर दोन मार्गांच्या बसांची सरमिसळ होते आणि यंत्र गोंधळून जाते. स्वर विझत आला की संकेत क्षीण होतो, तेव्हाही असेच घडते.

उपाय : कळ फिरवण्याआधी विचार

कारण सापडले की उपाय दूर नसतो. आम्ही काय काय केले, ते क्रमाने सांगतो.

१. तीच चाल आम्ही एक सप्तक वर वाजवली. जाड तार मोकळी छेडण्याऐवजी डी तारेच्या दुसऱ्या पडद्यावर तोच स्वर ८२ हर्ट्झचा मिळतो. मग पेडलची सप्तकाची कळ एक सप्तक खाली लावली. आता यंत्राने ८२ हर्ट्झ ओळखायचे आणि ४१ हर्ट्झ वाजवायचे. एक कंपन १२ मिलिसेकंदांचे, दोन कंपने २४ मिलिसेकंदांची. उशीर निम्म्यावर आला आणि कानाला खर्ज मात्र तोच मिळाला.

उलट, जाड तार मोकळी वाजवून तिला सप्तकभर खाली नेले, तर स्वर सुमारे २० हर्ट्झचा होईल. तो ऐकूच येणार नाही, फक्त ध्वनिवर्धकाचा पडदा थरथरेल.

२. छेडण्याची जागा बदलली. घोडीजवळ छेडले की वरचे संनादी स्वर वाढतात. मानेकडे, तारेच्या मध्याजवळ छेडले की दुसरा संनादी स्वर दुबळा होतो. वर सांगितलेला स्थिर बिंदूचा नियम येथे उपयोगी पडला. गिटारवरची टोनची कळही खाली केली. उड्या जवळजवळ थांबल्या.

३. न वाजणाऱ्या तारा दोन्ही हातांच्या मोकळ्या बोटांनी दाबून ठेवल्या. एका वेळी एकच तार, हा दंडक घातला.

४. पेडलमधील इफेक्टांचा क्रम बदलला. तिने आधी प्रतिध्वनी आणि मग सिंथ असा क्रम लावला होता. त्यामुळे मागचा स्वर पुढच्या स्वरात मिसळून यंत्राकडे जात होता. स्वर ओळखणाऱ्या यंत्राला शुद्ध तार मिळावी, म्हणून सिंथ पहिला आणि प्रतिध्वनी, कोरस वगैरे त्यानंतर घेतले.

५. मिश्रणाच्या कळीने तारेचा मूळ आवाज थोडा परत आणला. मूळ आवाज वेळेवर पोचतो आणि सिंथचा आवाज पंचवीसेक मिलिसेकंदांनी येतो. इतक्या कमी अंतराने आलेले दोन आवाज कान बऱ्याचदा एकच मानतो. शिवाय खर्जाचा भरीवपणा टिकतो.

६. शेवटी सेन्सिटिव्हिटीची कळ. गाळणी किती आघाताला उघडावी, हे ती ठरवते. ती फार वाढवली, तर हलक्या स्पर्शानेही गाळणी पूर्ण उघडते आणि हलका-भारी हा भेदच उरत नाही. फार कमी ठेवली, तर गाळणी मिटलेलीच राहते. वादकाने आपल्या मध्यम आघाताला गाळणी अर्धी उघडेल अशी ती लावावी. रेझोनन्सची कळ गाळणीच्या मर्यादेजवळचे स्वर उठवते. ती जपून वाढवावी, नाहीतर आवाज शिट्टीसारखा टोचू लागतो.

उलटी गंगा

येथे एक गमतीदार इतिहास सांगण्यासारखा आहे. १९८० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत रोलँड या जपानी कंपनीने टीबी-३०३ नावाचे छोटे यंत्र बाजारात आणले. बास गिटारवादक सोबतीला नसला, तर त्याची जागा या यंत्राने घ्यावी, असा हेतू होता. त्यात एक आंदोलक व एक गाळणी होती. पण त्याचा आवाज बास गिटारसारखा वाटेना, आणि १९८४ पर्यंत त्याचे उत्पादन बंद झाले. मात्र मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली हेच यंत्र हाताशी घेऊन दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका काढली. यंत्राचा स्वर एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, तो त्यांना आपल्या मींडेला जवळचा वाटला असल्यास नवल नाही. तेव्हा तिकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. २०१० साली ती पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा जगभरचे श्रोते चकित झाले.

म्हणजे पाहा, आधी यंत्राने बास गिटार होण्याची धडपड केली आणि आता बास गिटार पेडल लावून यंत्र होऊ पाहते! दोन्हींमध्ये विज्ञान एकच आहे : आंदोलक, संनादी स्वर आणि गाळणी.

आमच्या संमेलनाचे काय झाले? गाणे कार्यक्रमात राहिले. ड्रमवाल्याने तालमीनंतर आपणहून त्या मुलीची माफी मागितली. मला विचाराल, तर त्या संध्याकाळचा खरा धडा हाच होता. एखादी गोष्ट चुकते, तेव्हा यंत्राला किंवा माणसाला दोष देण्याआधी थोडे मोजून पाहावे. निम्मी भांडणे तेथेच मिटतात.

करून पाहा

१. गिटार, सतार किंवा तंबोरा मिळाल्यास मोकळी तार छेडा आणि लगेच तिच्या बरोबर मध्यावर बोटाने अलगद स्पर्श करून बोट उचला. एक सप्तक वरचा स्वर शिल्लक राहील. तो तारेत आधीपासूनच होता.

२. तीच तार एकदा घोडीजवळ आणि एकदा मध्यावर छेडा. आवाजात काय फरक पडतो, तो शब्दांत लिहा. मोबाइलवर वारंवारतांचा आलेख दाखवणारे एखादे ॲप असल्यास दोन्ही आलेख ताडून पाहा.

३. ५५ आणि ९८ हर्ट्झच्या तारांची दोन-दोन कंपने व्हायला किती मिलिसेकंद लागतील? (उत्तर : सुमारे ३६ आणि २०.)

शिक्षकांसाठी : वारंवारता आणि आवर्तकाल यांचा व्यस्त संबंध शिकवताना बसथांब्याचे उदाहरण मुलांकडूनच गणित करवून घेऊन मांडावे. दर १०, २० आणि ६० मिनिटांनी येणाऱ्या बसांसाठी किती वेळ थांबावे लागेल, हे मुलांनी आधी काढावे आणि मगच तारेकडे वळावे.